रामजन्माचा आलेख

आमच्या पिंपरखेड्याच्या देवळात रामाचा जन्म लागोपाठ दोन वर्षं चुकला, आणि दोन्ही वर्षी पेटीवर मीच होतो. तेव्हा ही हकीकत सांगायचा हक्क माझा आहे.

चुकला म्हणजे काय, ते आधी सांगतो. देवळाच्या पटांगणात झेंड्याची काठी आहे. तिच्या पायथ्यापासून उत्तरेकडे फरशीत एक रेघ कोरलेली आहे. ती कुणी कोरली ते देवाला ठाऊक. काठीची सावली सरकत सरकत त्या रेघेवर बसली की झाली माध्यान्ह. रामनवमीला उखर्डूनाना मांडीवर शंख घेऊन त्या रेघेपाशी बसतात आणि सावली बसली की फुंकतात. त्याच क्षणी आत सभामंडपात कीर्तनकाराच्या तोंडून ‘राम जन्मला’ बाहेर पडायला हवं, गुलाल उडायला हवा, पाळण्याची दोरी ओढली जायला हवी. शंख आणि शब्द एक. आमच्या गावची रीत ही एवढीच.

तेहतीस साली शंख वाजला तेव्हा आमचे कौतिकबुवा श्रावणबाळाच्या आईवडिलांना पाणी पाजत होते. चौतीस साली वाजला तेव्हा बुवा पायसात होते. म्हणजे यज्ञातून खिरीची वाटी वर आलेली, आणि खिरीत वेलदोडा होता की जायफळ, यावर बुवांचं निरूपण चाललेलं. बाहेर देव जन्मून मोकळा झाला, आणि आत त्याच्या आयांनी अजून खीरसुद्धा खाल्लेली नाही!

बुवांचा गळा म्हणाल तर उसाचा रस. पण स्वभाव असा की चालता चालता गल्ली दिसली की आत शिरलेच. दशरथाच्या रथाचं नाव निघालं की रथ, रथावरून चाक, चाकावरून सुतार, सुतारावरून बाभूळ. ऐकताना आम्हाला भान राहायचं नाही. भान यायचं ते शंखानं.

पाडव्याला अभिमन आबा पाटील बुवांच्या ओट्यावर आले. पागोटं काढून मांडीवर ठेवलं, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बजावायला आलेत.

“बुवा, तुम्हनं कीर्तन गोड शे, मी नही म्हणत नही. पण दोन साल व्हयनात. औंदा शंख आनि जलम एक नही व्हयना, त पुढला साले आम्ही धुळाना बुवा बलाई लेसूत. ते घड्याळ लाईसन कीर्तन करतस म्हणे.”

“घड्याळ लावून?” बुवा म्हणाले. “आणि घड्याळ बंद पडलं तर राम पोटातच का, आबा?”

आबा हसले. पण पागोटं घालून निघून गेले, बोललेलं मागे घेतलं नाही.

बुवाही तेव्हा हसले. पण आत सुंदरबाई चूल फुंकत होत्या, त्या हसल्या नाहीत. त्यांच्या लग्नाला बावीस वर्षं झाली होती, आणि घरात पाळणा हलला नव्हता. वर्षातून एक पाळणा त्या आपल्या हातानं सजवत, तो देवळातला. कीर्तन ज्याचं, पाळणा त्याच्या घरचा, अशी आमच्याकडची वहिवाट. कीर्तन गेलं की तो पाळणाही जाणार होता.

सुंदरबाईंचा धाकटा भाऊ तोताराम धुळ्याच्या एका इंग्रजी शाळेत मास्तर होता. पदार्थविज्ञान शिकवायचा. परीक्षा आटोपल्या म्हणून तो आठ दिवस बहिणीकडे आला. बुशकोटाच्या खिशात घड्याळ, आणि घड्याळ असलेल्या माणसाला येते ती घाई. बहिणीनं त्याला सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, “अक्का, रडू नको. दाजींचा रोग मोजता येण्यासारखा आहे.”

“मोज बाबा,” बुवा म्हणाले. “मेहुण्यानं मोजायचं नाही तर कुणी?”

दुसऱ्या दिवशी बुवा स्टेशनावर टपाल टाकायला निघाले. मागे तोताराम घड्याळ आणि वही घेऊन, आणि मी उगाच. स्टेशन गावापासून दोन मैल. वाटेत फर्लांगाचे दगड आहेत, सोळा. बुवांचे पाय मोठे उतावीळ. एक फर्लांग दोन मिनिटांत. तोतारामाचं धोतर फडफडायला लागलं. पण तिसऱ्या दगडापाशी वच्छलाबाई भेटली, तिच्या मिरच्यांना भुंगा लागला होता. वीस मिनिटं. नवव्या दगडाजवळच्या विहिरीवर एक माणूस पाणी ओढत होता, त्याच्यापाशी गहिनीनाथाची एक गोष्ट निघाली. पंचवीस. तेराव्या दगडाशी आलो तर बुवा एकदम थांबले, कपाळावर हात मारला, “अरे, त्या विहिरीवरच्या माणसाला शेवट सांगायचाच राहिला!” आणि चार दगड मागे. शेवट सांगितला, दहा मिनिटं. पुन्हा चार दगड पुढे.

स्टेशन आलं तेव्हा टपाल घेणारी गाडी निघून गेली होती. चाळीसगावच्या बाजूला नुसता धूर होता. बुवांनी त्या धुराला नमस्कार केला.

घरी आल्यावर तोतारामनं दगडी पाटी मांडीवर घेतली. एक रेघ आडवी काढली, एक उभी.

“दाजी, इकडे उजवीकडे वेळ. वेळ थांबत नाही, तो तुमची वाट बघत नाही, म्हणून आपली रेघ उजवीकडे सरकत राहणारच. आणि वर अंतर. घरापासून जितके दगड दूर गेलात तितकं वर. कळलं?”

“कळलं नाही. पुढे सांग.”

“तुम्ही झपाझप चाललात, तिथं रेघ अशी चढली. जितका जोर जास्त, तितका चढ उभा. वच्छलाबाईपाशी थांबलात. वेळ गेला, अंतर वाढलं नाही. रेघ आडवी. ही बघा, वीस मिनिटांची. आणि इथं तुम्ही मागे फिरलात, ही रेघ खाली आली.”

बुवांनी पाटी उलटसुलट केली. “हा उंट बसलाय.”

“हे तुम्ही आहात!”

“मला कुबड नाही रे.”

मी पाहिलं तर खरंच उंटासारखं दिसत होतं. मला हसू आवरेना. तोताराम चिडला.

“पुनाभाऊ, तुम्ही तरी समजून घ्या. पायांनी चोवीस दगड तुडवले, वेळ लागला एकशे तीन मिनिटं. चोवीस भागिले एकशे तीन, ही झाली चाल. पायांनी किती तुडवलं तेवढंच चाल बघते. आणि घरापासून स्टेशनाच्या दिशेनं खरे पुढे किती गेले? सोळा. सोळा भागिले एकशे तीन, हा झाला वेग. वेग दिशा बघतो. मागे गेलात की कापून घेतो. म्हणून दाजींची चाल मोठी आणि वेग लहान. आणि आता परत घरी येऊन बसलेत, म्हणजे सगळ्या सकाळचा मिळून वेग किती? शून्य!”

“शून्य?” बुवा उठून उभे राहिले. “म्हणजे मी देवाला एकशे आठ प्रदक्षिणा घातल्या आणि जिथून निघालो तिथंच आलो, तर तुझ्या शास्त्रात मी गेलोच नाही?”

“चाल होती. वेग शून्य.”

“सुंदर, ऐकलंस? तुझा भाऊ म्हणतो प्रदक्षिणा फुकट!”

“फुकट कुठं म्हणालो, दाजी? शून्य म्हणालो.”

“देवाच्या दारातून निघून देवाच्याच दारात येणं, याहून माणसानं जायचं तरी कुठं?” बुवांनी हात आभाळाकडे केले. मला तर तिथंच पेटी काढावीशी वाटली.

सुंदरबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. भांडण त्यांनी ऐकलंच नव्हतं. त्या पाटीकडे बघत होत्या. मग खाली बसल्या, बोट ठेवलं.

“तोता, हे ठिपक्यांवर का नाही मांडलंस? रेघा गचाळ झाल्यात. उजवीकडे एक ठिपका म्हणजे पाच मिनिटं धर. वर एक ठिपका म्हणजे एक दगड. मग मोजत बसावं लागत नाही. ठिपका बोलतो.”

त्यांनी रांगोळीचा डबा आणला. ओट्यावर ठिपके टाकले, चिमटीतून असे पडले, जसं जोंधळ्याचं शेत. त्यावर बुवांची सकाळ ओढली. आणि खरं सांगतो, ते बघताच मला ती पूर्ण सकाळ दिसली. हा चढ, ही वच्छलाबाई, ही विहीर, ही उतरण, आणि ही पुन्हा विहीर.

“ही मिरच्यांची,” बुवा खाली वाकून म्हणाले. “अगं, ही फारच लांब आहे गं.”

“दिसली का?” सुंदरबाई म्हणाल्या. “आता कीर्तन मांड, तोता.”

मग दोघं भावंडं बसली. वरच्या बाजूला फर्लांगांच्या जागी कीर्तनाच्या मजला, म्हणजे टप्पे, मोजले. नमन, अभंग, पूर्वरंगाचं निरूपण, हार-बुक्का, मग दशरथ, श्रावण, वसिष्ठांचा सल्ला, यज्ञ, पायस, पायस पळवणारी घार, डोहाळे, आणि बाराव्या मजलेवर जन्म. तोतारामनं सकाळी दहा ते बारा धरून चोवीस ठिपके आडवे टाकले आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात एक सरळ रेघ ओढली.

“एका मजलेला दहा मिनिटं. सारखा वेग. झालं.”

“असं सुतासारखं कीर्तन कुणी ऐकतं का?” सुंदरबाईंनी तळहातानं रेघ पुसली. “नमनाला माणसं अजून येत असतात, तिथं हळू, चढ थोडा. हार-बुक्का चालतो तेव्हा कथा थांबलेलीच असते, तिथं रेघ आडवी. यज्ञात आग पेटली की पळवायची, हा बघ उभा चढ. डोहाळ्यात बायका रमतात, तिथं परत हळू. पोचायचं आहे त्याच टोकाला. पण चढ कमी-जास्त, माणसासारखा हवा.”

तोताराम बहिणीकडे बघतच राहिला. “अक्का, माझ्या वर्गात चाळीस मुलं आहेत. एकालाही वर्षभरात चढ म्हणजे वेग हे उमगलं नाही.”

“त्यांना रांगोळी काढायला लाव,” त्या म्हणाल्या.

चार दिवस गोठ्यात तालीम. श्रोते म्हणजे एक म्हैस, दोन गोऱ्हे आणि मी. बुवांसमोर जमिनीवर ठिपके, आणि तोताराम घड्याळात बघून दर पाच मिनिटांनी एक झेंडूचं फूल पुढच्या ठिपक्यावर सरकवायचा. फूल ज्या ठिपक्यावर, तिथून नजर वर न्यायची, रेघेवर आली की कथा कुठं हवी ते कळतं. पहिल्या दिवशी बुवा जन्माला पोचले तेव्हा फूल रांगोळी सोडून म्हशीच्या गव्हाणीत गेलं होतं. दुसऱ्या दिवशी घाबरून इतके पळाले की पावणेअकरालाच राम जन्मला आणि उरलेला वेळ आम्ही चहा घेतला. पण चौथ्या दिवशी! चोविसाव्या ठिपक्यावर फूल आणि बुवांच्या तोंडी जन्म, एकदम. म्हशीनं मान हलवली. मी उठून बुवांच्या पायावर डोकं ठेवलं.

नवमीचा दिवस उजाडला. सुंदरबाईंनी पाळणा असा सजवला होता की मोगऱ्याच्या वासानं दारातच थबकायला व्हायचं. मग त्यांनी बुवांच्या उभं राहायच्या जागेपुढे ठिपके टाकले, रेघ ओढली. बाया भोवती जमल्या.

“ही कोनती रांगोळी व, माय?” भिकुबाईनं विचारलं.

“दूर-वेळेची.”

“कोना सण शे हाऊ?”

“आजचाच.”

भिकुबाईनं समाधानानं मान डोलावली आणि रांगोळीच्या डाव्या कोपऱ्यावर, जिथं वेळही शून्य आणि अंतरही शून्य, तिथं हळदीकुंकू वाहिलं. दुसरीनं अक्षता टाकल्या. तोताराम माझ्या कानाशी म्हणाला, “पुनाभाऊ, शून्याची पूजा मी आज पहिल्यांदा बघतोय.”

दहाला बुवा उभे राहिले. कपाळी गंध, हातात चिपळ्या. मी सूर धरला. आणि मंडळी, ते कीर्तन! बुवांची एक नजर श्रोत्यांकडे, एक फुलाकडे. गल्ल्या दिसत होत्या, मला कळत होतं. दशरथाच्या रथाचं चाक आलं तेव्हा त्यांचे ओठ सुताराकडे वळलेसुद्धा. पण फूल सरकलं, त्यांनी चिपळी वाजवली आणि पुढे. यज्ञ असा पेटला की पुढच्या रांगेतल्या लोकांनी पाय आखडून घेतले. पायस आलं, वेलदोडा नाही, जायफळ नाही, सरळ वाटी राण्यांच्या हातात. अभिमन आबा मिशीतून हसायला लागले. डोहाळ्यांना बाया डोलायला लागल्या. फूल तेविसाव्या ठिपक्यावर आलं. तबकं फिरली, जो तो मूठभर गुलाल घेऊन उभा राहिला. सुंदरबाई पाळण्याच्या दोरीपाशी गेल्या. फूल चोविसाव्यावर. तोतारामनं घड्याळाचं झाकण मिटून ते खिशात टाकलं, जसा काही पेपर सोडवून दिला.

“चैत्र शुद्ध नवमी,” बुवांनी हात उंच केला, “सूर्य माथ्यावर, वारा थांबलेला, आणि कौसल्येच्या महाली त्या क्षणी...”

शंख नाही.

हात वर, मुठी वर, सगळं गाव श्वास धरून. माझा सूर तसाच लांबलेला. शंख नाही.

बुवांनी हळूच दाराकडे पाहिलं. पटांगणात उखर्डूनाना रेघेपाशी निवांत बसले होते. त्यांनी एक हात पुढे केला आणि दुसऱ्या हातानं कोपरावर टिचकी मारली. सावली रेघेपासून अजून हातभर लांब होती.

तोताराम धावत बाहेर गेला. मी जागेवरून ऐकत होतो.

“नाना, बारा वाजले! फुंका!”

“कोना बारा?”

“घड्याळात! धुळे स्टेशनाशी लावलंय, अगदी मिनिटाला मिनिट!”

“ते रेल्वेनं घड्याळ शे, मास्तर. राम रेल्वेमा बशीसन येस का? आमना गावले सूर्य माथावर येस तवय तुम्हना घड्याळमा साडेबारा वाजेल ऱ्हातस. हाई त गावनी म्हैसले बी माहीत शे.”

तोताराम परत आला तो पांढराफटक. आता सांगायला काय हरकत, चूक सगळ्यांची होती. आम्हाला कुणालाच घड्याळ वापरायची सवय नाही, म्हणून आम्ही सांगितलं नाही. आणि त्यानं माध्यान्ह म्हणजे बारा असं धरलं, म्हणून त्यानं विचारलं नाही. चार दिवस गोठ्यात आम्ही फुलाकडे बघत बसलो, कुणी उठून सावलीकडे बघितलं नाही. त्यानं दोन्ही हातांनी तीसचा आकडा दाखवला. तीस मिनिटं.

बुवांच्या कपाळावर घामाचा गंधाशी चिखल झाला. देव दारात आणून उभा केलेला. पुढे गेलो तर शंखाआधी जन्म, मागे गेलो तर रेघ खाली, आणि एकदा मागे गेलेले बुवा पुन्हा वेळेवर पुढे येतील याची खात्री आबांना काय, मलाही नव्हती. आबांची मिशी स्थिर झाली होती.

आणि तेव्हा सुंदरबाई दोरी सोडून खाली बसल्या. चिमूट भरली. चोविसाव्या ठिपक्याच्या उजवीकडे, बाराव्या मजलेच्याच रांगेत, एकामागून एक सहा ठिपके टाकले आणि त्यांवरून एक रेघ ओढली. अगदी आडवी.

बुवा त्या रेघेकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं, ते मी पेटीवरच्या अठरा वर्षांत पाहिलं नव्हतं. एखाद्या मुलाला आईनं म्हणावं, जा, आता हवं तितकं खेळ, तसं.

“...त्या क्षणी, मंडळी,” बुवांचा आवाज मोकळा झाला, “त्या एका क्षणी अयोध्येतल्या घराघरात काय चाललं होतं?”

आणि शिरले गल्लीत!

कुंभाराचं चाक फिरत होतं, बोटाखाली मडक्याचा गळा वर येत होता, त्या क्षणी तो तसाच राहिला. लोहाराचा घण वर गेला होता, तो वरच. सासूनं सुनेला बोलायला तोंड उघडलं होतं, ते उघडंच, आणि सून म्हणते, रामा, थोडा वेळ असाच जन्मत राहा! सभामंडप फुटला हसून. बुवा गरागरा फिरत होते, चिपळ्या वाजत होत्या, या घरातून त्या घरात, पण प्रत्येक घरातून बाहेर पडताना शब्द तेच, “त्या क्षणी!” क्षण एकच. पाय तुफान, आणि कथा तसूभर पुढे नाही, तसूभर मागे नाही. तोताराम माझ्या शेजारी वेड्यासारखा पुटपुटत होता, “चाल! नुसती चाल! वेग शून्य! पुनाभाऊ, बघताय का, शून्य!” आणि फूल सरकवत होता. पंचविसावा. सव्विसावा.

मग लोकच ओरडायला लागले.

“बुवा, तेलीना घरले काय चालनं व्हतं?”

“तेल्याचा बैल घाण्याभोवती फिरत होता! दिवसभर चालतो, कुठं पोचतो? माझा मेहुणा म्हणतो, शून्य! पण त्या क्षणी बैल थांबला आणि म्हणाला, मी पोचलो!”

“पाटीलना घरले?” हे कुणी विचारलं ते कळलं नाही, पण आवाज आबांच्याच रांगेतून आला.

“अयोध्येचा पाटील पागोटं काढून मांडीवर ठेवत होता, कुणाला तरी धमकी द्यायला!” बुवा म्हणाले. “त्या क्षणी पागोटं हातातच!” आबा इतके हसले की त्यांच्या मुठीतला गुलाल मिशीवर सांडला. सगळ्यांचीच गत तीच. अर्धा तास गुलाल मुठीत धरून हात घामेजले होते, कोपरापर्यंत लाल ओघळ, आणि हात खाली कुणी घेईना. भिकुबाईनं हात दुखला म्हणून नातवाच्या डोक्यावर टेकवला, तर तो पोरगा जन्माआधीच रंगला. “मास्तरना घरले?” कुणी ओरडलं. “अयोध्येचा मास्तर घड्याळाला विचारत होता, दुपार झाली का? आणि घड्याळ म्हणालं, मला काय विचारतोस, बाहेर जाऊन बघ!” तोतारामनं कान पकडले आणि उठाबशी काढली. खरंच काढली, भर सभामंडपात.

फूल एकोणतिसाव्यावर गेलं. आणि मला धडकी भरली. कारण बुवा आता रंगले होते. खरे रंगले होते. फुलाकडे बघतच नव्हते. ते कासाराच्या घरी शिरले होते, कासाराच्या घरात बांगड्या होत्या, बांगड्यांना रंग होते, हिरवा रंग कुठून आणला ते निघालं होतं. दारातून उखर्डूनाना दिसत होते. त्यांनी शंख मांडीवरून उचलला, तोंड पुसलं. फूल तिसाव्या ठिपक्यावर. बुवांची पाठ दाराकडे, आणि हिरव्या रंगासाठी कासार सातपुड्यात पाला आणायला निघालेला! मी पेटीचा सूर दोनदा तोडला. त्यांना वाटलं मी दाद देतोय. उखर्डूनानांचे गाल फुगले.

“अहो!”

सुंदरबाईंचा आवाज. त्या बाईनं अठरा वर्षांत देवळात अवाक्षर काढलं नव्हतं. दोरी हातात, पदर घसरलेला.

“अहो, घराघरात गेलात. आणि कौसल्येच्या घरी काय चाललं होतं?”

बुवा वळले. बायकोकडे बघितलं. अयोध्येतलं तेवढं एकच घर राहिलं होतं.

“तिच्या घरी,” बुवा अगदी हळू म्हणाले, “राम जन्मला.”

आणि शंख!

शब्दाचा शेवट आणि शंखाची सुरुवात यांत नख शिरेल एवढी जागा नव्हती. मग काय विचारता. अर्धा तास दाबून धरलेला गुलाल एकदम सुटला, समोरचा माणूस दिसेना. झांजा, टाळ्या, माझी पेटी कुठल्या सुरात होती ते रामालाच माहीत. सुंदरबाई दोरी ओढत होत्या, आणि त्यांच्या गालांवरून गुलालाचे ओघळ येत होते, डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत दोन स्वच्छ रेघा. तोताराम नाचत होता. पदार्थविज्ञानाचा मास्तर, दोन्ही हात वर करून, त्या ठिपक्यांवरच. त्याच्या मागे भिकुबाई, आबा, सगळं गाव. दहा मिनिटांत आलेखाचा नुसता लाल चिखल झाला.

सुंठवडा वाटून झाल्यावर आबा पायरीवर बुवांशेजारी बसले. बराच वेळ मिशी झटकत होते.

“बुवा,” ते म्हणाले, “धुळाना बुवाले मी निरोप धाडेल नव्हता अजून. आते धाडत बी नही. पुढला साले तुम्हीच. त्याना पुढला साले बी तुम्हीच. मी मरी जासू तवय बी तुम्हीच.”

बुवांनी हात जोडले.

तोताराम पुढे सरसावला. अंगभर गुलाल, पण वही कुठून तरी बाहेर काढलेली. “दाजी, पुढच्या वर्षी चूक होणार नाही. मी हिशोब केला. दहाच्या जागी साडेदहाला उभं राहायचं. रांगोळी तीच, फक्त सहा ठिपके उजवीकडे सरकवायची. ती आडवी रेघ मग लागणारच नाही.”

बुवांनी वही त्याच्या हातातून घेतली आणि मिटून त्याच्या खिशात परत ठेवली.

“मी दहालाच उभा राहणार,” ते म्हणाले. “ती आडवी रेघ आहे तिथंच ठेव. अयोध्येत अजून पुष्कळ घरं राहिलीत.”